खिडकी नंबर चार, सोहार

"बाय, तुम्ही आमच्याकडच्याच ना?"
इद्रिस मुकादम, गाव दाभोळ,
बंदरावर क्रेन चालवतो, आठ वर्षं झाली.
मी मान हलवते.
पडदा त्याच्याकडे वळवत नाही, तसा नियम आहे.

पडद्यावर त्याची छाती.
उजवीकडे, वरच्या अंगाला
तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका.
"नववीतला आहे तो," तो हळूच सांगतो.
नऊ महिने गोळ्या. लघवी लाल व्हायची.
शाळेत सांगितलेलं, कावीळ झालीय.
बरा झाला, पार बरा.
मग बहिणीला बघायला यायचे होते,
त्याच्या आदल्या रात्री आईनं
केसपेपर न्हाणीच्या चुलीत घातला.
पाणी तापलं.
घरातले सगळे त्याच पाण्यानं आंघोळ करून
पाहुण्यांसमोर बसले.

"तेवढंच करायचं होतं, बाय.
तुमच्याकडं चूल कुठंय?"

मी पढवलेलं बोलते.
नोंदीत तुमचं नावच नाही, भाऊ.
नावाच्या जागी चौसष्ट अक्षरांचा गुंता.
वही एक, प्रती पुष्कळ:
मस्कतला, विमा कंपनीकडे, अजून कुठं कुठं.
पान पानाला शिवलेलं,
एक टाका उसवला तर साऱ्या वह्यांना कळतं.
इथं चुकलेलं पुसत नाहीत.
पुढे लिहितात, मागचं चुकलं होतं.

तो ऐकून घेतो.
ओझं उचलण्याआधी त्याचा अंदाज घ्यायची सवय असलेला माणूस.
"दाभोळचा, ऐंशीचा जन्म, क्रेनवाला,
बुधवारी चार नंबरच्या खिडकीवर आलेला,
असे किती असतील त्या गुंत्यात?"

मी स्टेपलरची पिन बदलते.

"आणि उघडायची किल्ली?"
तुमच्या फोनमध्ये.
"फोन शिफ्ट संपेस्तोवर कॅम्पबॉसकडे.
आकडे त्यानंच घालून दिलेत. मला कुठं येतात?"

आमच्याकडे पाचवीला
पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात.
रात्री सटवाई येते, लिहून जाते.
सकाळी कागद कोराच असतो.
लहानपणी मला ती फसवणूक वाटायची.
आता वाटतं, केवढी समजूतदार बाई.

माझीही एक ओळ आहे त्या वहीत.
त्या दिवशी मी खिडकीच्या पलीकडे उभी होते,
संमतीची सही माझीच, ठळक, वळणदार.
नवऱ्याला ठाऊक नाही.
विमा कंपनीला आहे.

"इथं सही," मी म्हणते.
तो करतो. पेन परत देताना टोपण लावून देतो.

मागे रांगेत अकरा जण.
बाहेर सकाळपासून धूळ सुटलेली,
कुणालाही ठसका लागेल अशी.
इद्रिस दारापर्यंत जातो,
मूठ तोंडावर घट्ट,
दार लागतं,
आणि मग काचेपलीकडे, आवाजाशिवाय,
त्याचे खांदे हलताना दिसतात.