मागच्या झाकणाच्या आत

इतवारीत, भांड्यांच्या ओळीमागे
मुर्तुझाभाईंचं दुकान, रुंदी एका माणसाची.
दुसरा आत आला की पहिल्यानं
पोट आत घ्यायचं.

मी बापाची घडी रुमालातून काढली.
आम्ही नागपुरात घडीच म्हणतो.
घड्याळ शाळेत असतं, पुस्तकात असतं.

त्यांनी डोळ्याला भिंग चिकटवलं
आणि बोलायला लागले, माझ्याशी नाही, तिच्याशी:
तबकडी पुन्हा रंगवलेली.
सेकंदकाटा दुसऱ्या कुणाचा.
चावी मुंबईची, मशीन स्वित्झर्लंडचं,
सतरा खडे, सतराही जागेवर.
पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली जास्तीची दोन छिद्रं,
"मनगट बारीक होत गेलं वाटतं?"

गेलं. मिल बंद झाल्यावर.

त्याआधी एम्प्रेसचा भोंगा टिमकीपर्यंत यायचा.
माय भोंग्यावर भात टाकायची,
पोरं भोंग्यावर शाळेत निघायची,
गल्लीत कुणालाच घडीची गरज नव्हती.
मग घेतली काहून, मी एकदा विचारलं होतं.
लहानुजी सोमकुवर, साचेखात्यातले,
चावी देता देता म्हणाले,
"भोंगा मालकाचा हाये. तो म्हणते तवा वाजते."
आणि घडी कानाला लावून
बराच वेळ बसून राहिले.

मुर्तुझाभाईंनी तिची पाठ उघडली,
कुंकवाच्या करंड्याचं झाकण फिरवावं तशी.
आत सुईनं कोरलेले आकडे:
२१४/६८
८८/७७
३०१/८३

दुरुस्तीच्या नोंदी असतील, मी म्हणालो.
ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.
"दुरुस्तीवाला आपलं नाव कोरतो.
नंबर सावकार टाकतो.
तीनदा ठेवली, तीनदा सोडवली.
ह्याचे पाचशे कमी होतील."

बाबा, घडी कुठी गेली?
दुरुस्तीले टाकली.
महिना, दीड महिना. एकदा तर पोळ्यापासून दिवाळीपर्यंत.
काळ्या मनगटावर तेवढा एक उजळ पट्टा.
आम्हाला वाटायचं, घडी स्वित्झर्लंडची,
दुरुस्तीही तिकडंच होत असेल,
जायला यायला वेळ लागणारच.

त्र्याऐंशी मला लगेच कळलं: पॉलिटेक्निकची फी,
जी मी मित्रांना स्कॉलरशिप म्हणून सांगत आलो.
सत्त्याहत्तर, ताईचा टायफॉइड,
मेयोच्या बाहेरून आणायच्या गोळ्या.
अडुसष्ट लागत नाही.
मी तेव्हा दीड वर्षाचा. सांगणारी एकटी माय,
आणि तिला विचारायचं तर आधी
आज मी कुठं आलो होतो ते सांगावं लागेल.

साडेसात, ते म्हणाले. मी आठ.
सात हजार आठशेवर त्यांनी भिंग खाली ठेवलं.
मायच्या कानाचं यंत्र अठराचं,
पाच धाकट्यानं दिले, दोन ताईनं,
बाकीचं गणित रुमालात बांधून आणलं होतं.
तरी जीभ घसरली:
"ठेवून नाही घेत तुम्ही?
म्हणजे, सोडवायला येईन."
"आम्ही ठेवत नाही. घेतो."
त्यांनी झाकण दाबलं, ते टच्कन बसलं.
चौथा नंबर कुणी टाकला नाही.

रुमाल तसाच खिशात, मोकळा.
चौकात तर्रीपोह्याची गाडी होती, खाल्ले नाहीत.

घरी माय दारात तांदूळ निवडत बसलेली.
भिंतीवरचा खिळा तिनं सकाळीच पाहिला असणार.
"घडी कुठी गेली रे?"
"दुरुस्तीले टाकली."
"काय?"
"दुरुस्तीले!"
"आँ?"
"दु-रु-स्ती-ले!"
समोरच्या घरातली सून भांडं घासता घासता थांबली.
खोटं इतक्या मोठ्यानं बोलायची पाळी
बापावर कधी आली नव्हती.

माय माझ्या हाताकडं बघत राहिली,
मग सुपाकडं.
"तुह्या बापाजवळबी अशीच बिघडे," म्हणाली,
आणि तांदळातला एक खडा
चिमटीत धरून बाजूला ठेवला.