या गुरुवारी फक्त डावा कोपरा

गुरुवारी धंतोलीतला आमचा दवाखाना बंद.
खुर्च्या भिंतीला सारून मी पंप थांबवतो,
तेव्हा खोलीला कळतं
की इतका वेळ काहीतरी गुणगुणत होतं.

मग दगडांवर फुंकर.
तोंडाची नाही, रबरी फुग्याच्या पिचकारीची.
खाल्लेलं, न खाल्लेलं, हगलेलं, मेलेलं
सगळं एका रंगाचं होऊन उठतं,
आणि जोकर मासा त्यातून वाट काढतो,
उमरेड रोडवर कोळशाच्या ट्रकमागे
स्कूटरवाला निघतो तसा.

पेशंट म्हणतात, किती स्वच्छ ठेवता हो तितरमारे.
काच स्वच्छ असते. काचेचं काय.
जुन्या टाकीचं दुखणं तळाला,
डॉक्टरबाई म्हणतात, दातासारखंच,
वर पांढरं
आणि हिरडीखाली सतरा वर्षांचा हिशेब.

नवव्या वर्षी मी एकदाच सगळं काढायला गेलो होतो.
मे महिना, सेहेचाळीस डिग्री,
बाई सिमल्याला.
म्हटलं, येऊन पाहतील तर खूश होतील.
वाळू तळापर्यंत उकरली.
खालचा काळा थर फुटला,
सडक्या अंड्याचा वास पार एक्स-रेच्या खोलीपर्यंत.
पहाटे पाच आडवे.
पिवळा, निळा, दोन पट्टेवाले,
आणि ज्याचं नाव आम्हाला कधीच धड घेता आलं नाही, तो.
बाईंनी फोनवर एवढंच विचारलं, जोकर?
आहे, म्हटलं.
मग राहू द्या आता. थोडं थोडं करत जा.

तेव्हापासून पाव भाग.
बाकीच्या वाळूला धक्का नाही,
तिच्यात जे जगून राहिलं आहे
त्याला माहीतही होऊ नये की शेजारी काय चाललंय.

नळी तोंडानेच ओढतो.
त्याचाही पंप मिळतो म्हणे, पण सवय आहे,
आणि एक घोट चुकतोच.
मी समुद्र पाहिलेला नाही.
मुंबईला गेलो होतो एकदा, परळला, भावाला दाखवायला.
अकरा दिवस. वॉर्ड ते फुटपाथ, फुटपाथ ते वॉर्ड.
लोक म्हणाले, समुद्र इथून जवळच आहे.
येताना एकटाच होतो, तेव्हाही गेलो नाही.
चव मात्र ठाऊक आहे मला:
आरओचं पाणी, पोत्यातलं मीठ,
मासे, आणि वर्षं.
नुसतं खारट म्हणून भागत नाही.

आज डाव्या कोपऱ्यात,
तेव्हा हात न लागलेल्या एका दगडाखाली,
चार आणे निघाले. गेंडावाले.
कोण्या पोट्ट्याने दाढेच्या भीतीने टाकले असतील,
कन्हानच्या पुलावर गाडीतून टाकतात तसे.
चार आणे कधीचे बंद झाले.
पोट्टा आता दाढी करत असेल.
लई दुखलं का बे तेव्हा?
नाणं पुसून बाईंच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं.
या पाण्याला धातू चालत नाही,
नवसाचा असला तरी.

बादली भरली. तपकिरी.
झाडाला घालता येत नाही,
मागचा कढीपत्ता त्यानेच गेला.
मोरीत ओततो.
मोरीतून नाल्यात, नाल्यातून नाग नदीत,
जिला आम्ही नाक धरूनच नदी म्हणतो.
पुढे कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी,
बाईंच्या मुलाने नकाशावर बोट फिरवून दाखवलं होतं
दहावीत असताना.
म्हणजे पोचतं.
माझ्याआधी पोचतं.

उजवीकडचं तसंच आहे अजून,
मागच्या दगडाखाली तर बघवत नाही.
दिवाळीपर्यंत पुरेल.
पंपाचं बटण दाबतो.
जोकर काचेशी येऊन माझ्या बोटाकडे पाहतो.
आत्ता नाही, सांगतो त्याला,
आधी निवळू दे.