चतुःसीमा

आरोंद्याला मोजणीला गेले त्या दिवशी
यंत्राची बॅटरी दुपारीच संपली.
उरलेली जमीन आम्ही शब्दांनी मोजली.

नमुन्यात चार रकाने असतात :
पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस.
म्हटलं, सीमा दाखवा.
लाडू मोर्जे इकडेतिकडे बघत राहिला,
जणू त्या नावाची मुलगी या वाडीत कधी राहिलीच नव्हती.
मग म्हणाला, "मेर म्हणतास?"
आणि अनवाणी तिच्यावर चढून चालू लागला.

मेर म्हणजे रेघ नव्हे.
हातभर रुंद असते, तिच्यावर गवत माजतं,
शेजाऱ्याची म्हैस चरते,
आणि सात वर्षं अबोला धरलेली दोन घरं
एकमेकांच्या मयताला
तिच्यावरूनच जातात, दुसरी वाट नसल्यामुळे.

आमचा शिपाई मल्लाप्पा, खानापूरचा.
त्याच्या घरच्या बोलीत हद्दीला गडी म्हणतात.
लाडू हसला : "आमच्यात गडी म्हणजे
बोलावलो तर कामाक येणारो."
"आमची न बोलावता आली,"
मल्लाप्पा टेप गुंडाळत म्हणाला,
"बापाच्या शाळेची पाटी तीनदा रंगवली."
पुढं काही बोलला नाही.
टेपला लागलेला चिखल मात्र
फार वेळ पुसत बसला.

उत्तरेस इनासबाय.
तिनं बिस्किटांच्या डब्यातून कागद काढला,
पोर्तुगीज अमदानीतला, घडीवर फाटलेला.
एका शब्दावर बोट ठेवलं : कोंफ्रोंता.
तिच्या बापानं तिला समजावलं होतं,
आमची जमीन अमक्याच्या जमिनीसमोर
कपाळाला कपाळ लावून उभी आहे.
बैलं उभी राहतात तशी? मी विचारलं.
बैलं, नाहीतर नवराबायको, ती म्हणाली.

पण हा कागद पलीकडचा, पालयेचा,
तिच्या माहेरच्या भाटाचा.
इथं चालत नाही, मी सांगितलं.
"कागद चलना?
हांवूय होडयेन आयलें," इनासबाय म्हणाली,
आणि सोलकढीचा पेला पुढं केला.

मग तिनंच विचारलं,
तुमच्या गावात काय म्हणतात?

शीव, म्हटलं.
आणि पेला हातातच राहिला.
शिवणं म्हणजे टाके घालणं, शिवणं म्हणजे हात लावणं.
व्याकरणवाले सांगतील, हे शब्द एका घरचे नाहीत.
नसतील.
आमची वस्ती शिवेबाहेर होती.
शिवू नको आणि शीव ओलांडू नको,
दोन्ही एकाच तोंडून ऐकत
माझी आई दुसऱ्यांची पोलकी शिवायची.
पोलकं आत जायचं, आई ओट्याखाली थांबायची.

हे मी तिला सांगितलं नाही.
"बरी आहे सोलकढी," एवढंच म्हणाले.

राहिली दक्षिण.
तिथं खाडी, खाजण, कांदळाची मुळं,
पलीकडे नाका, पिशव्या हुंगणारे पोलीस.
जमीन इथं नेमकी कुठं संपते?
"ती पळय वेळ," इनासबाय म्हणाली.
मी घड्याळ पाहिलं.
साडेचार.
ती इतकी हसली की खोकला लागला.
तिच्या भाषेत वेळ म्हणजे किनारासुद्धा.

साडेचारला तो बांधापासून वीस पावलांवर होता.
खुंटी ठोकली.
सहाला खुंटी दिसेना.
लाडू कमरेइतक्या पाण्यात उभा राहून
पायानं ती चाचपत होता :
"पाणी मेर मानणा नाय, बाय.
सुकती लागली की या."

सुकतीला मी कुठली थांबणार?
शेवटची एसटी होती.
बसमध्येच रकाना भरला,
खड्ड्यांनी अक्षर हललं.
दक्षिणेस : वेळ.

आठ दिवसांनी फाईल परत आली.
त्या शब्दाभोवती साहेबांनी लाल गोल केला होता
आणि बाजूला लिहिलं होतं :
किती ते स्पष्ट करावे.