घरून काय बांधून दिलं?

हातमोजे घाल, तामाती, आणि आवाज खाली ठेव.
दुबईचं विमान उतरलंय.
फेब्रुवारीत त्यात निम्मी कॉलेजची पोरं असतात,
पाठीवर लॅपटॉप, पोटाशी कागदांची फाईल,
चेहरे असे, जणू परीक्षा या टेबलापासूनच सुरू.

"खायचं काही आहे का?" असं विचारू नकोस.
नाही म्हणतात. खोटं नसतं ते,
त्यांच्या लेखी ते खाणं नसतंच.
विचार, घरून काय बांधून दिलं?
बॅग आपोआप उघडते.

ही ऐझिरेक. गाव नारिनच्या अलीकडे.
पामर्स्टन नॉर्थला जनावरांची डॉक्टर व्हायला चाललीय.
फॉर्मवर सगळ्या रकान्यांत 'हो'.
बावीस वर्षांत असा फॉर्म
मी दोनदा पाहिला असेल.

हे कुरुत. दही आटवून, मीठ घालून वाळवलेले गोळे.
वजन कर. सव्वा किलो.
"वर्षभर पुरले असते," ती म्हणते,
मला नाही, गोळ्यांना.
दूध वाळलं तरी दूधच. लाल पिशवीत टाक.

मध तर नाहीच नाही.
इथल्या पोळ्यांना लागू शकतो त्या रोगाचं
लॅटिन नाव माझ्याआधी तीच सांगते, अगदी बरोबर,
आणि बरणी सोडत नाही.
थांब. ओढू नकोस.
ती आपणहून ठेवेल.

ठेवली.

लाकडी डाव उजेडासमोर धर,
किडीची भोकं नाहीत, साल नाही, जाऊ दे.
नमद्याची टोपी, जाऊ दे.
गोळ्यांसोबत डॉक्टरची चिठ्ठी आहे.
पैसे मोजायची वेळ येईल इतके नाहीत.

आता एक ऐक, हे पुस्तकात नाही.
"इथं सगळं मिळतं" असं कधी म्हणू नकोस.
आपियाहून आली तेव्हा माझ्या आईचा तारो काढून घेतला,
तो माणूस हसून म्हणाला होता, बटाटे छान असतात इकडचे.
चाळीस वर्षं ती बटाटे सोलताना
त्याला शिव्या द्यायची.

बूट. उलटे कर.
टाचेच्या खाचेत शेण, माती, गवताची काडी.
ती लाजते. "निघायच्या पहाटे घोडी व्याली,
महिनाभर आधीच. बदलायला वेळच नाही झाला."
आत ने. ब्रश, औषधाचं पाणी, दहा मिनिटं.
शिलाईतसुद्धा घास.

आणलेस? दे तिला.
बघ, हुंगून बघतेय.
काही बोलत नाही.

शिंगरू कसं आहे, मी विचारते.
"मी निघाले तेव्हा उभं राहिलं नव्हतं."
दोन दिवस झाले त्याला,
आणि हिच्या फोनमध्ये अजून सिम नाही.

पुढच्याला थांबव, तामाती.
वायफायचा पासवर्ड लिहून दे तिला, मोठ्या अक्षरात.
तिकडे आत्ता कुठे संध्याकाळ होत असेल.