रिकाम्या ट्रकाचं वजन

खाण बंद पडली तेव्हा
थकलेल्या तीन पगारांच्या बदल्यात
मी जेटीच्या काट्यावरचा कॉम्प्युटर उचलून आणला.
चंद्रावती म्हणाली, हा आपल्याला पोसणार
की आपण त्याला?
अजून चालू केला की मागच्या जाळीतून
लाल धूळ येते
साखळीतल्या आमच्या घरात.

आता त्याच्यावर बिअरचं गणित मांडायचंय.
रेजिनाल्डने म्हापशाहून माल्ट आणलं,
हॉप्सचं चंदेरी पाकीट फ्रीजमध्ये
बांगड्यांना टेकून बसलंय,
नि तो म्हणतो, अंकल, सॉफ्टवेअर लागतंच,
नाहीतर तुमची बिअर म्हणजे मटका.

पहिलं उघडलंच नाही.
बत्तीस बिटचा तुमचा, मला चौसष्टचा हवा.
म्हणजे वय विचारून परत पाठवलं,
पर्वरीच्या हॉटेलात कारकुनाच्या जागेसाठी गेलो होतो
तेव्हाही असंच.
दुसरं देखणं, पण ते राहतं ढगात,
आणि वीज गेली की आमचा टॉवर झोपतो.
पातेलं उकळत राहील
नि पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहील,
कडू कधी घालायचं ते कोण सांगणार?
तिसरं दर महिन्याला डॉलर मागतं.
मागू दे.

बाबलो भाटी विझवून आला,
कोपरापर्यंत हात बोंडांच्या रसाने चिकट.
"बाटली हालय, मोतयां कितलो वेळ रावतात तें पळय.
कंप्युटराक कित्याक विचारता?"
बाबल्या, ते फेणीचं. बिअरचा फेस खोटं बोलतो.
"मागीर असलें कित्याक करता?" म्हणाला,
आणि स्टूल ओढून बसला,
बघू तरी.

चौथं कुणीतरी एकट्याने लिहिलेलं
आणि सोडून दिलेलं.
शेवटची दुरुस्ती बारा वर्षांपूर्वी.
ते उघडलं.
नाव नाही विचारलं, ईमेल नाही,
फक्त जरा वेळ घेतला,
म्हातारा माणूस उंबऱ्यावर घेतो तेवढा.
गॅलनमध्ये बोलतं, कळशी त्याला ठाऊक नाही.
पाण्याच्या यादीत डब्लिन आहे, पिल्सन आहे.
मी खाली टाइप केलं: घरची विहीर.
लोह किती? "माहीत नाही" लिहू देईना.
मी आकडा टाकला. बाबलो म्हणाला, वाढय.

मग दोन रकाने आले.
आंबण्याआधीची घनता, आंबल्यानंतरची.
जडातून हलकं वजा करायचं,
त्यावरून कळतं चढणार किती.
मी खुर्चीत मागे रेललो.
अरे, हे तर माझंच काम.
भरलेला ट्रक काट्यावर,
ओतून आला की रिकामा काट्यावर,
वजाबाकी, चिठ्ठी, पुढचा.
एकोणीस वर्षं
एक डोंगर मी असा
चिठ्ठीचिठ्ठीने उतरवला.

काळं माल्ट पाव पाव किलो वाढवत गेलो
तसा कोपऱ्यातला छोटा चौकोन रंग बदलत गेला,
गवत, मध, तांबूस,
आणि मग एकदम तो,
आमचे ढीग धुऊन निघाले की
पावसाळ्यात नदीला यायचा तो.
चंद्रावती मागे कधी आली कळलं नाही.
"हा नको," म्हणाली.
"हा रंग मी एकोणीस वर्षं धुतलाय."
मी पाव किलो कमी केलं.
ती गेल्यावर अर्धा पाव परत घातलं.

खाली नावाचा रकाना होता.
रेजिनाल्डला काहीतरी इंग्रजी हवं होतं.
मी लिहिलं: जीए शून्य चार, टी चार आठ एक सात.
त्या दुपारी तो भरून आला,
काट्यावर चढला,
आणि ऑफिसातून फोन आला, थांबवा सगळं.
भरलेलं वजन माझ्याकडे अजून आहे.
रिकाम्याचं घ्यायचं राहून गेलं.

उकळी रविवारी.
मोठं पातेलं बाबलो देणार आहे,
पण पहिला ग्लास त्याचा,
आणि बाटली तो हलवणारच.