आकसपट्टी

पुस्तकात कुत्रा होता.
क्लास म्हणजे कुत्रा, ऑब्जेक्ट म्हणजे मोती,
गुणधर्म: रंग, वय. कृती: भुंकणे.
राजारामपुरीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
सात वर्षं मी हाच कुत्रा भुंकवत आले.

संध्याकाळच्या बॅचला रावसो सुतार आले.
वय त्रेपन्न. भुवयांवर लाकडाचा भुसा.
उद्यमनगरात तीस वर्षं फाउंड्रीचे पॅटर्न घडवलेले,
आता मालकानं मशीन घेतलंय, संगणकावरून सागवान कापणारं,
आणि म्हणालाय, शिकून घ्या, नाहीतर घरी बसा.

तिसऱ्या दिवशी त्यांनी हात वर केला,
शाळेतल्या पोरासारखा, कोपरात वाकवून.
"मॅडम, ह्यो क्लास सवता भुंकतो का?"
नाही, म्हटलं, क्लास नुसतं वर्णन. भुंकतो मोती.
"मग सरळ सांगा की.
पॅटर्न पानी उपसत न्हाई. पंप उपसतो."

आणि कीबोर्ड सरकवून टेबलावर ठेवला
पंपाच्या बॉडीचा पॅटर्न,
लाल रंगाचा, कडांना टवके उडालेला.

त्या दिवशी प्रोजेक्टर लावलाच नाही.

माती ठोकायची, पॅटर्न अलगद उचलायचा,
मागं राहते त्याची पोकळी, तिच्यात रस.
एका पॅटर्नचे हजार पंप, हरेकावर नंबर निराळा.
एक कागलच्या उसाला पाणी पाजतो,
एक शिरोळला पुरात तीन दिवस बुडून राहतो,
एक गंजतो गोदामातच, गिऱ्हाइकाची वाट बघत.
"पॅटर्नला ह्यातलं काय बी ठावं नसतं."

मी फळ्यावर लिहिलं: न्यू.
"हां," ते म्हणाले, "ही रस ओतायची हाक."

एन्कॅप्सुलेशनला मी एरवी दोन तास घेते.
त्यांनी बॉडीवर टिचकी मारली:
"पान्याची वाट आत. वळनाची. ती कोअरनं काढायची.
गिऱ्हाइकानं तिकडं बघायचं कामच न्हाई,
त्याला चार बोल्टांची भोकं बास."
आणि आतली वाट बदलली तर?
"बदला की. भोकं हलवू नका म्हंजे झालं."

इनहेरिटन्स हा शब्द मात्र त्यांना पटला नाही.
"वारसा कसला, बापाच्या पॅटर्नला ठिगळ त्ये."

पुढच्या बाकावरून तरन्नुम बागवान म्हणाली,
काका, पण पॅटर्न आणि पंप मापानं सारखेच ना?

ते थांबले. पिशवीतून पितळी पट्टी काढली.
बारा इंच लिहिलेलं,
माझी प्लॅस्टिकची फूटपट्टी शेजारी ठेवली
तर त्यांची एक सूत लांब.
"लोखंड थंड होताना आकसतं, पोरी.
म्हनून पॅटर्न थोडा मोठाच करायचा,
खऱ्या पंपापरीस मोठा.
आमी हिला आकसपट्टी म्हनतो."
मग माझ्याकडं बघून:
"तुमच्यात काय आकसत नसंल."

नाही, म्हणाले मी.
पटकन म्हणाले.

बॅच सुटल्यावर ते बसूनच राहिले.
माळ्यावर बाराशे पॅटर्न आहेत म्हणाले,
मालक जळणाला द्या म्हणतोय.
पॅटर्न जळला तरी झालेले पंप चालतात ना?
चालतात. "चालत्यात, चालत्यात,"
आपणच उत्तर दिलं, "फकस्त नवा व्हत न्हाई."

एका बोटानं टाईप करत होते, अक्षर शोधून शोधून.
क्लास: दोन इंची बॉडी, सांगलीवाल्याची.
क्लास: गुऱ्हाळाच्या चरकाचं चाक.
क्लास: इंजिनाचं झाकण, अठ्ठ्याण्णव साल, नाना गेले त्या आठवड्यातलं.
आत काहीच नाही, नुसते कंस उघडलेले आणि मिटलेले.
एरर येत होते. मी दुरुस्त केले नाहीत.

साडेनऊला खालच्या दुकानाचं शटर पडलं.
त्यांनी पितळी पट्टी स्क्रीनला लावली,
एक ओळ मोजली,
आणि किती भरली ते सांगितलं नाही.