एकास दहा लाख

रावपुऱ्यातल्या जिन्याखालच्या खोलीत
माझं तिरकं टेबल अजून आहे.
काचेखाली बल्ब, वाळत चाललेली शाई,
डबीत अर्धी अर्धी ब्लेडं.
एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात ट्रेसर होतो.
नद्या उतरवल्या, कालवे उतरवले,
गायकवाडी मुलखाची ठिगळं
जुन्या फाटक्या नकाशांवरून नव्या कागदावर आणली.
आता सगळं कॉम्प्युटर काढतो.
माझ्याकडे कुणी येत नाही.

ती आली, गरब्याचे मांडव सुटत होते तेव्हा.
स्पोझमय. नाव तीनदा सांगावं लागलं तिला.
"म्हणजे चंद्र, काका."
फतेहगंजला राहते, युनिव्हर्सिटीत भूगोल शिकते,
सेव-उसळीत तिखट कमी घाला म्हणते.
प्रबंधाला नकाशा हवा होता, हाताने काढलेला.
कुनार नदी, बाजौर, मधले डोंगर.
"आणि सीमा?"
"गाइड म्हणतात, हवीच."
मग खाली बघून,
"जेवढी बारीक काढता येईल तेवढी काढा."

मी हिशेब सांगितला. सवयच ती.
प्रमाण एकास दहा लाख.
अर्ध्या मिलिमीटरची रेघ
म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर.

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.
म्हणजे या रेघेच्या पोटात
माझ्या खालाचं घर,
दोन तुतीची झाडं, ओढा,
आजोबांची कबर,
आणि वर थोडी जागा उरते
बकऱ्यांना.

अठराशे त्र्याण्णव साली साहेबानं ती ठरवली
तेव्हा तिचे पणजोबा वरच्या कुरणात होते.
कुणी विचारलं नाही त्यांना.
आता रेघेला तारेचे काटे फुटलेत.
खाला गेली त्या थंडीत
आईने मय्यत फोनवर पाहिली,
अडीच कोसांवरून.

काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो,
आमच्यात म्हणतात, काळ्या दगडावरची रेघ.
ती हसली.
"आमचे दगड काळेच आहेत, काका.
रेघ कुठे दिसते?"

मग स्वतःशीच काही पुटपुटली पश्तोत,
आणि मला हिंदीत सांगायला लागली,
लाठी... पानी...
शब्द सापडेना तिला.
मीच पुरं केलं, मराठीत,
काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही.
दोघंही चमकलो.
कुठल्या खिंडीतून आलं असेल हे वाक्य,
आणि कुणाच्या गाठोड्यातून?

साठ साली आमच्याही दारावरून एक रेघ गेली.
मी चौथीत. मावशी नंदुरबारला राहिली, आम्ही इथे.
हे तिला सांगणार होतो.
नाही सांगितलं.
आमच्या रेघेवरून एसटी जाते,
कंडक्टर फक्त सुट्टे मागतो.

वादातली सीमा तुटक काढतात.
सगळ्यात बारीक पेन घेतलं. शून्य पॉइंट एक.
तरी शंभर मीटर. अंगण जातंच.
तुकडा, फट, तुकडा, फट,
चष्मा पुसून पुन्हा तुकडा.
तिने बोट ठेवलं होतं तिथे
मी एक फट मोजून ठेवली.
त्यापायी शेजारचे दोन तुकडे आखूड झाले.
साहेब असते तर कागद परत आला असता.

काल ती पुन्हा आली, हातात पाच प्रती.
स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्यानं
यंत्र गडद ठेवलं होतं.
फटी बुजलेल्या, पाचही प्रतींत.
तुतीची झाडं पुन्हा काळ्याखाली.

"अर्धं ब्लेड आहे, काका?"

काचेखालचा बल्ब लावून दिला.
ब्लेड आडवं धर म्हटलं, जोर लावू नकोस,
कागद फाटतो.
पहिल्या प्रतीवर वाकून
ती खरवडत बसली.
मी चहा टाकला.